लोहाराच्या खपल्या, पीचच्या बिया

लोहार तापलेल्या लोखंडावर घण घालतो तेव्हा ठिणग्यांबरोबर काळ्या, पातळ खपल्या उडतात आणि ऐरणीभोवती साचतात. चीनमध्ये त्या गोळा करून पाण्यात उकळत आणि ते पाणी अनावर संतापलेल्या, कुणालाच आवरत नसलेल्या रुग्णाला पाजत. हे औषध दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात आहे. चिनी वैद्यकाचा हा मूळ ग्रंथ. त्याचे ‘सूवेन’ आणि ‘लिंगशू’ असे दोन भाग आहेत आणि प्रत्येकात 81 अध्याय. सूवेनच्या 46व्या अध्यायात पीत सम्राट, म्हणजेच ह्वांगदी, आपल्या वैद्याला, छीबोला, विचारतो की हे संतापाचं वेड येतं कुठून? छीबो सांगतो: शरीरातलं यांग, म्हणजे उष्ण, उसळणारं बळ, कोंडतं, त्याला वाट मिळत नाही, म्हणून माणूस भडकतो. उपाय दोन. आधी त्याचं अन्न तोडायचं, कारण अन्नाने यांगला बळ मिळतं. मग लोखंडाच्या खपल्यांचं पाणी द्यायचं, कारण लोखंड जड, वर उसळलेली ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, ते खाली बसवतं.

उन्माद उतरवण्याचा गुण लोखंडाच्या खपलीत नाही आणि रात्रंदिवस जागून थकलेल्या रुग्णाला उपाशी ठेवणं तर घातकच. तरीही हा संवाद पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. त्यात कुणाचा शाप नाही, पूर्वजन्मीचं पाप नाही, अंगात शिरलेलं भूत नाही. वेड हा शरीराचा आजार आहे, त्याला कारण आहे आणि कारण आहे म्हणून औषधही आहे, एवढं गृहीत धरून दोघे बोलतात.

चीनमध्ये भूतबाधेवर विश्वास नव्हता असं मात्र नाही. सातव्या शतकातला थोर वैद्य सुन सिम्याव वेडावर सुया टोचण्याच्या ज्या तेरा जागा देतो, त्यांची नावंच ‘भुताच्या जागा’ अशी आहेत. मांत्रिक आणि वैद्य शेजारी शेजारी राहिले. पण वैद्यांनी आपली वाट सोडली नाही आणि आजचा विषय ती वाट आहे.

सूवेनच्या 30व्या अध्यायात सम्राट एखाद्या चिकित्सक विद्यार्थ्यासारखा खोदून खोदून विचारतो. रुग्ण कपडे टाकून पळतो, उंचावर चढून गातो, कित्येक दिवस जेवत नाही आणि तरी एरवी चढता येणार नाही अशा भिंतीवर, छपरावर चढतो. हे बळ आलं कुठून? छीबो म्हणतो, हातपाय हे सगळ्या यांगचं मूळ, यांग भरून वाहिलं की हातापायांत जोर येतो. मग कपडे का टाकतो? अंगात उष्णता मावत नाही म्हणून. आणि आप्त-परका न बघता शिव्या का देतो? तेही यांगच्या अतिरेकाने. इथे एक बारीक पण मोठी गोष्ट घडते. घरच्यांच्या जिव्हारी लागणारी ती शिवी वैद्य आजाराच्या खात्यात टाकतो. उन्मादाच्या झटक्यातल्या माणसाबरोबर ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

लिंगशूचा 22वा अध्याय तर याच आजारांवर आहे. त्यात दोन नावं येतात, ‘द्येन’ आणि ‘क्वांग’. द्येन म्हणजे कोसळणारं, मिटून जाणारं वेड. त्यात आकडी किंवा मिरगीही मोडत असे. क्वांग म्हणजे उसळणारं. क्वांगची सुरुवात कशी होते? माणूस आधी उदास होतो, विसरतो, चिडतो, घाबरतो. मग झोप कमी होते, भूक लागत नाही. आपण फार मोठे, फार शहाणे, फार कुलवंत आहोत असं त्याला वाटू लागतं आणि तो दिवसरात्र शिव्या देत सुटतो. आजच्या मानसोपचाराच्या पुस्तकात उन्मादाची, म्हणजे मेनियाची, लक्षणं पाहिली तर तिथेही कमी झालेली झोप, फुगलेला मीपणा आणि न थांबणारं बोलणं हीच यादी आहे. औषध चुकलं असेल, पण माणूस त्यांनी नीट पाहिला होता.

इसवी सन 200च्या सुमाराला झांग झोंगजिंग होऊन गेला. त्याच्या कुळात दोनशेहून अधिक माणसं होती. 196 सालापासून दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली आणि मेलेल्यांपैकी दर दहांत सात जण तापाच्या साथींनी गेले, असं तो स्वतःच्या प्रस्तावनेत नोंदवतो. त्या दुःखातून ‘शांगहान लुन’ लिहिला गेला. त्यातला एक काढा वेड्यासारखं वागणाऱ्या तापाच्या रुग्णासाठी आहे: पीचच्या 50 बिया, दा ह्वांग म्हणजे आपली रेवंदचिनी, दालचिनीच्या डहाळ्या, ज्येष्ठमध आणि एक रेचक क्षार. उष्णता आणि साकळलेलं रक्त ओटीपोटात अडकलंय, ते खाली उतरवलं की डोकं शांत होईल, हा त्यामागचा हिशेब. मात्र झांगने पाहिलेले हे रुग्ण बहुधा तापाच्या भ्रमातले होते. वात झाल्यासारखं बरळणं वेगळं आणि उन्माद वेगळा. पुढच्या पिढ्यांनी हा काढा उन्मादालाही लावला आणि रेचकाने वेड उतरवण्याची परंपरा विसाव्या शतकापर्यंत चालली.

रक्तानंतर आरोपी ठरला तो कफ. चौदाव्या शतकातल्या झू दानशीने बहुतेक वेडांचं खापर हृदयाशी साचलेल्या कफावर फोडलं. चिनी समजुतीत मन हृदयात राहतं आणि हृदयाला दारं आहेत. कफाने ती दारं लिंपली की माणूस भ्रमतो. ही कल्पना लोकांत किती मुरली होती, ते अठराव्या शतकातल्या वू जिंगझीच्या ‘रुलिन वायशी’ या कादंबरीत दिसतं. फान जिन नावाचा दरिद्री माणूस परीक्षेत वर्षानुवर्षं नापास होत राहतो. उतारवयात एकदाचा प्रांताची परीक्षा पास होतो. निकाल ऐकताच टाळ्या पिटतो, हसतो, बाहेर धावत सुटतो आणि चिखलात पडतो. निकाल घेऊन आलेला एक जण निदान करतो: आनंदाने कफ उसळून हृदयाचं दार बंद झालंय, हा ज्याला घाबरतो त्याने याच्या मुस्कटात मारावी आणि सांगावं की तू पास झालेलाच नाहीस. तो माणूस म्हणजे त्याचा खाटीक सासरा. तो कसाबसा हात उचलतो, फान जिन कोसळतो आणि हळूहळू शुद्धीवर येतो. मारून वेड उतरत नाही, हे इथे ठामपणे सांगायला हवं. आपल्याकडेही या समजुतीने किती जीव पोळले आहेत. पण रस्त्यावरचा सामान्य माणूससुद्धा ‘कफ’ म्हणतो, ‘भूत’ म्हणत नाही, याची नोंद घ्यायला हवी.

कफावरचं सगळ्यात साधं औषध ‘बाय जिन वान’, म्हणजे पांढऱ्या सोन्याची गोळी. त्यात दोनच वस्तू: तुरटी तीन भाग आणि यूजिन सात भाग. यूजिन हा हळदीच्या कुळातला कंद. ली शिझेनने 1578 साली पुऱ्या केलेल्या, 1596 साली छापून निघालेल्या ‘बेनत्साव गांगमू’ या महाग्रंथात एका बाईची हकीकत आहे. दहा वर्षं ती वेडात होती. कुणीतरी ही गोळी दिली. पहिल्या मात्रेला छातीतून काहीतरी निखळून पडल्यासारखं वाटलं, पुन्हा घेतली आणि ती भानावर आली. एका बाईची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. उन्माद आपोआपही ओसरतो, हा या आजाराचा स्वभावच आहे आणि ओसरण्याच्या वेळी हातात जे औषध असेल त्याला श्रेय मिळतं.

मराठी कानांना या यादीत घरचीही नावं ऐकू येतील. 1732 साली चेंग ग्वोपेंगने लोखंडाच्या खपल्यांच्या त्या जुन्या पाण्यात डझनभर वनस्पती घालून नवा काढा बांधला. त्यात शी छांगपू आहे, आपल्या वेखंडाचा सख्खा भाऊ. चिनी वैद्य तो हृदयाची दारं उघडायला देतात. आपल्या घरांत बाळगुटीच्या सहाणेवर वेखंडाचा वेढा उगाळतात तो बाळाची वाचा स्वच्छ व्हावी म्हणून, आणि आयुर्वेदात वेखंड उन्मादावरही सांगितलेलं आहे. त्याच काढ्यात हिंगूळही आहे, म्हणजे पाऱ्याचं गंधकाशी झालेलं संयुग. तो मन स्थिर करतो अशी श्रद्धा होती. पारा मज्जासंस्थेला आणि मूत्रपिंडाला काय करतो हे माहीत असताना ही श्रद्धा आज चालू ठेवण्याचं कारण नाही.

या सगळ्या परंपरेत एक माणूस उठून दिसतो. वांग छिंगरेन, जन्म 1768. 1797 साली लुआनझोऊ भागात मुलांमध्ये साथ आली. गरिबांची मुलं चटईत गुंडाळून उथळ पुरलेली आणि कुत्र्यांनी उकरलेली. हा माणूस रोज सकाळी तिथे जायचा, नाकाला दुर्गंधी, मनाला यातना, आणि तरी दहा दिवस त्याने ती उघडी पडलेली शरीरं पाहिली. अवयव खरोखर कुठे असतात ते ताडून पाहिलं. जुन्या आकृत्या चुकीच्या आहेत हे कळल्यावर तो गप्प बसला नाही. 1830 साली त्याचं ‘यीलिन गायत्स्वो’ निघालं. नावाचाच अर्थ वैद्यकातल्या चुकांची दुरुस्ती. त्यात तो म्हणतो की बुद्धी आणि स्मृती हृदयात नसतात, मेंदूत असतात. वेडाबद्दल त्याचं म्हणणं असं, की रक्त साकळून मेंदूची ‘ची’ बाकीच्या अवयवांशी जोडलेली राहत नाही, म्हणून रुग्ण स्वप्नात असल्यासारखा वागतो. त्याच्या काढ्याचं नावच ‘द्येन क्वांग मेंग शिंग तांग’, वेडाच्या स्वप्नातून जागं करणारा काढा. त्यात पीचच्या बिया आठ छ्येन, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम, शिवाय छायहू नावाचं मूळ, संत्र्याची साल, ज्येष्ठमध. रुग्णाला ‘स्वप्नात आहे’ म्हणणं आणि ‘बिघडला’ म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण याच काढ्यात ‘मूतोंग’ नावाची वेल आहे. विसाव्या शतकात बाजारात मूतोंग म्हणून ‘ग्वान मूतोंग’ ही दुसरीच वेल विकली जाऊ लागली. तिच्यात ॲरिस्टोलोचिक आम्ल असतं, ते मूत्रपिंड कायमचं निकामी करतं आणि कर्करोगालाही कारण ठरतं. 1993 साली ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या चिनी औषधातून अशाच वनस्पतीने स्त्रियांची मूत्रपिंडं गेल्याचं उघड झालं. चीनने ग्वान मूतोंगचा वापर 2003 साली बंद केला. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं मानणाऱ्यांनी ही वेल लक्षात ठेवावी.

काढे होते, वैद्य होते, मग रुग्ण कुठे होते? बहुतेक घरात, आणि पुष्कळदा साखळीत. अठराव्या शतकात छिंग राजवटीने कायदा केला की वेड लागलेल्याची नोंद करावी आणि घरच्यांनीच त्याला कोंडून ठेवावं. त्याने खून केला तर शेजारीपाजारीही जबाबदार. 1898 साली अमेरिकन मिशनरी डॉक्टर जॉन केर यांनी ग्वांगझोऊमध्ये चीनचं पहिलं मनोरुग्णालय उघडलं. पहिला रुग्ण पाठीवरून आणावा लागला. तो तीन वर्षं दगडाला बांधलेला होता, पायांतलं चालणं गेलं होतं. वेड हा शरीराचा आजार म्हणणारी दोन हजार वर्षांची विद्या त्या दगडापर्यंत पोहोचली नव्हती, हे बोलताना जीभ जड होते.

आता कसोटीची गोष्ट. वनस्पतीतून मनाचं औषध निघतं का? निघतं, आणि त्याचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेचं मूळ भारतात वेडावर देत असत. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिलं, 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबावरचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि 1952 साली तिच्यातून रिसर्पिन वेगळं झालं. काही वर्षं ते जगभरच्या मनोरुग्णालयांत वापरलं गेलं. पुढे त्याहून चांगली औषधं आली आणि ते मागे पडलं. चिनी काढ्याचं तसं करणं अवघड, कारण एका मुळाऐवजी तिथे दहा-पंधरा जिनसांचा मेळ असतो. म्हणून अख्खा काढाच तपासावा लागतो.

तसा तो तपासला गेला आहे. चिनी संशोधकांनी 2007 साली बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि उन्माद दोन्ही येणाऱ्या, आजाराच्या रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला: नैराश्यातले 124, उन्मादातले 111, बारा आठवडे. काहींना कार्बामॅझेपिन ही गोळी, काहींना गोळी आणि ‘श्यावयाव’ काढ्याचं वाढीव रूप, काहींना नुसती खोटी गोळी. नैराश्यात काढ्याची जोड उपयोगी पडली. उन्मादात मात्र काम केलं ते गोळीने. काढ्याने त्यात भर घातली नाही. दुसरं उदाहरण जपानचं. सोळाव्या शतकातला ‘यीगान सान’ हा चिनी काढा चिडखोर, आकडी येणाऱ्या मुलांसाठी होता आणि तो आई आणि मूल दोघांनी घ्यायचा असे. जपानमध्ये ‘योकुकान्सान’ नावाने तो स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांची अस्वस्थता शमवायला देतात. 2005 साली 52 रुग्णांवरच्या प्रयोगात तो गुणकारी दिसला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक रुग्णालयांत मिळून केलेल्या मोठ्या चाचणीत खोट्या औषधापेक्षा तो सरस ठरला नाही. शिवाय त्यातल्या ज्येष्ठमधाने रक्तातलं पोटॅशियम उतरू शकतं. म्हणून कुणाच्या घरी उन्मादावरचं लिथियम किंवा तत्सम औषध चालू असेल, तर कोणताही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये आणि काढ्यासाठी गोळी तर मुळीच थांबवू नये. हे कळकळीचं सांगणं आहे.

लिंगशूच्या त्याच 22व्या अध्यायात द्येनच्या रुग्णाबद्दल एक विलक्षण सूचना आहे. वैद्याने त्याच्यासोबत राहावं, उपचार नेमका कुठे करायचा ते निरखावं. त्याचं थोडं रक्त काढून भोपळ्याच्या तुंब्यात ठेवावं. झटका यायच्या वेळी तुंब्यातलं रक्त आपोआप हलेल. रक्त हलत नसे, पण वैद्य तिथेच बसलेला असे, तुंब्याकडे आणि माणसाकडे बघत. आजचे मानसोपचारतज्ज्ञ घरच्यांना एक वही ठेवायला सांगतात. रोज तारीख लिहायची, रात्री किती तास झोप झाली ते लिहायचं, आणि सात तासांचे चार तास झाले की दुसऱ्याच दिवशी फोन करायचा.