जन्मावरचा संशय आणि गुन्ह्याचा तपास



 या परिषदेचा यंदाचा विषय फौजदारी न्यायाच्या प्राथमिक संकल्पनांचा आहे. गुन्हा कशाला म्हणायचे, माणूस गुन्ह्याकडे का वळतो, शिक्षेने काय साधते आणि पोलिसांचे मूळ काम कोणते, हे प्रश्न पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात येतात, म्हणून ते सोपे आहेत असा समज होतो. पण पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात होणाऱ्या मोठ्या चुकांचा माग काढत गेले, तर शेवटी याच प्राथमिक संकल्पनांमधला गोंधळ हाती लागतो. त्यातल्या एकाच गोंधळाविषयी आज मला बोलायचे आहे. फौजदारी न्याय कृत्याचा शोध घेण्यासाठी असतो. संशय कृत्यावरून उठून माणसाच्या जन्मावर, जमातीवर किंवा वस्तीवर जाऊन बसला की तपास तिथेच थांबतो. आणि तपास थांबला की त्याची किंमत निरपराध आरोपी, फिर्यादी आणि समाज अशा तिघांनाही मोजावी लागते.

गुन्हेगारीशास्त्राचा इतिहास सांगताना आपण साधारणपणे चेझारे बेकारियापासून सुरुवात करतो. मिलानच्या या तरुण विचारवंताचे गुन्हे आणि शिक्षा यांवरील छोटे पुस्तक 1764 मध्ये निघाले. शिक्षा किती क्रूर आहे यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री गुन्ह्याला अधिक आवर घालते, हा त्याचा मुख्य विचार. अडीचशे वर्षांनंतरही तो टिकून आहे. 2013 मध्ये डॅनियल नॅगिन यांनी या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की पकडले जाण्याची शक्यता वाढली तर धाक वाढतो. केवळ शिक्षेची वर्षे वाढवून तो फारसा वाढत नाही. याचा पोलिसांशी थेट संबंध आहे. पकडले जाण्याची खात्री कायद्याच्या पुस्तकातून येत नाही, ती तपासातून येते. आणि तिथे कोणालातरी पकडून भागत नाही. ज्याने गुन्हा केला त्यालाच पकडावे लागते. चुकीचा माणूस तुरुंगात गेला, तर खऱ्या गुन्हेगाराला आपण सुटू शकतो याची उलट खात्रीच मिळते.

बेकारियानंतर शंभर वर्षांनी शास्त्राने वेगळे वळण घेतले. 1876 मध्ये इटलीतील वैद्य चेझारे लोम्ब्रोसो याने गुन्हेगार हा जन्मतःच वेगळा असतो आणि त्याच्या कवटीच्या व चेहऱ्याच्या ठेवणीवरून तो ओळखता येतो, असा सिद्धान्त मांडला. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग याने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली आणि गुन्हेगार असा वेगळा शारीरिक प्रकार सापडत नाही, हे 1913 मध्ये दाखवून दिले. 1942 मध्ये शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. शहरातल्या ज्या पडक्या, दाट वस्त्यांमध्ये बालगुन्हेगारीचे प्रमाण जास्त होते, तिथली वस्ती पिढीगणिक बदलत गेली. एका देशातून आलेले लोक सावरले, बाहेर पडले आणि त्यांच्या जागी दुसरे आले. गुन्ह्यांचे प्रमाण मात्र त्या जागेपाशीच चढे राहिले आणि बाहेर पडलेल्यांच्या मुलांमध्ये ते उतरले. गुन्हेगारी रक्तातून येत असती, तर ती माणसांबरोबर नव्या वस्तीत गेली असती.

जन्मसिद्ध गुन्हेगाराची कल्पना युरोपातून आपल्याकडे आली, असे अनेकदा सांगितले जाते. तारखा मात्र वेगळे सांगतात. लोम्ब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षे आधी, 1871 मध्ये, ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला होता. एखादी जमात पद्धतशीरपणे अजामीनपात्र गुन्हे करते असे सरकारला वाटले, की ती अख्खी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करता येत असे, आणि त्या जाहीरनाम्याला न्यायालयात आव्हान देता येत नसे. मग नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय हद्द सोडायला बंदी. कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि 1911 च्या नव्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे ठेवली गेली आणि तिथल्या गिरण्यांत त्यांना राबवले गेले. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, बेरड, रामोशी अशा जमातींच्या वाट्याला ही व्यवस्था कमी-अधिक प्रमाणात आली. तिथे जन्मलेल्या मुलाने काहीही केलेले नसताना सरकारदरबारी त्याचे नाव संशयितांत पडत होते.

या कायद्याशेजारी दुसरा कायदा ठेवून पाहिला पाहिजे. 1872 मध्ये, म्हणजे पुढच्याच वर्षी, भारतीय पुरावा कायदा झाला. दोन्ही कायदे झाले तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधी सदस्य एकच होता, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. पुरावा कायद्याच्या कलम 54 ने सांगितले की आरोपीचे चारित्र्य वाईट आहे ही गोष्ट, काही अपवाद वगळता, फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य नाही. कलम 25 ने सांगितले की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. ही दोन्ही तत्त्वे आजच्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहेत. म्हणजे न्यायालयाच्या दाराआत कृत्याचा पुरावा मागणारी व्यवस्था आणि दाराबाहेर जन्मावरून माणूस ठरवणारी व्यवस्था, अशा दोन व्यवस्था एकाच राज्याने वर्षभराच्या आतच उभ्या केल्या. गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. पण दाराबाहेरची सवय गेली का, हा खरा प्रश्न आहे.

कागदोपत्री ती गेली. 1959 च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने जमातीऐवजी व्यक्तीच्या दोषसिद्धीचा निकष धरला, आणि तत्त्व म्हणून हा बदल योग्य दिशेचा होता. व्यवहारात मात्र चोरी झाली की आधी भटक्यांच्या पालावर जायचे, पुरुषांना उचलायचे आणि मग मुद्देमाल शोधायचा, हा क्रम चालूच राहिला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही असे जगणे सांगणारी आत्मकथने साहित्य अकादमीने गौरवली. मराठी वाचकाने ती वाचली, हळहळला. पोलीस प्रशिक्षणात आणि विधी महाविद्यालयात ती पुरावा म्हणून वाचली गेली पाहिजेत. सवय किती चिवट असते हे 3 ऑक्टोबर 2024 रोजी पुन्हा दिसले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, म्हणून अटकेविषयीचे आधीचे निर्देश पाळण्याचा आदेशही पोलिसांना दिला. कायदा रद्द होऊन 72 वर्षे उलटल्यावर न्यायालयाला हे सांगावे लागले.

या सवयीची किंमत काय, याचे सर्वांत गंभीर उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतील सहा जणांवर खटला चालला. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, पण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा वाढवून फाशी केली. पुढे फेरविचारात प्रकरण नव्याने ऐकले गेले आणि मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. गुन्ह्यातून वाचलेल्या महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तेव्हा गुन्ह्याला जवळपास सोळा वर्षे झाली होती. शिक्षा कडक हवी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी या प्रकरणाकडे नीट पाहावे. इथे कायद्यातली सर्वांत कडक शिक्षा सुनावली गेली होती, आणि तरीही त्या कुटुंबाला न्याय मिळाला नाही.

माझ्या मांडणीवर काही आक्षेप घेतले जातील आणि ते सहज बाजूला सारण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप अनुभवी अधिकाऱ्यांचा असतो. तेच तेच लोक पुन्हा पुन्हा गुन्हे करतात, रेकॉर्डवरील गुन्हेगारांवर नजर ठेवायची नाही तर कोणावर ठेवायची? या म्हणण्याला संशोधनाचाही आधार आहे. फिलाडेल्फिया शहरात 1945 मध्ये जन्मलेल्या सुमारे दहा हजार मुलांचा माग मार्व्हिन वुल्फगँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे सहा टक्के मुलांच्या नावावर निम्म्याहून अधिक गुन्हे नोंदलेले आढळले. पण हा निष्कर्ष काय सांगतो ते पाहा. सराईतपणा ही थोड्या व्यक्तींची गोष्ट आहे आणि ती त्यांच्या नोंदलेल्या कृत्यांवरून, तीही मागाहून, कळते. जमातीवर संशय घेण्याला त्याने बळ मिळत नाही. उलट अशा संशयाचा पायाच त्याने निघून जातो. व्यक्तीच्या सिद्ध गुन्ह्यांची नोंद ठेवणे हे पोलिसांचे रास्त काम आहे. नाशिकच्या प्रकरणात छायाचित्रांची फाइल उपयोगीच पडली असती, कारण साक्षीदार महिलेने तिच्यातूनच चौघांना ओळखले होते. नोंद ही तपासाची सुरुवात आहे. तिलाच निष्कर्ष मानले की घात होतो.

दुसरा आक्षेप असा की या वस्त्यांची झडती घेतली की काहीतरी सापडतेच. इथे हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये मांडलेला विचार उपयोगी पडतो. समाज ज्याच्यावर शिक्का मारतो, त्याच्याकडे जास्त पाहतो. जास्त पाहिले की जास्त सापडते. जास्त सापडले की शिक्का पक्का होतो. शिक्का बसलेल्याला काम मिळत नाही, घर मिळत नाही, शाळेत मुलांकडे संशयाने पाहिले जाते, आणि सरळ वाट अरुंद होत जाते. याच सिद्धान्ताची दुसरी बाजू एडविन सदरलँड यांनी 1939 मध्येच दाखवली होती. प्रतिष्ठित माणसे आपल्या धंद्याच्या आड जे गुन्हे करतात त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून ते आकडेवारीत येत नाहीत. आपल्याकडे कोम्बिंग ऑपरेशन पालांवर आणि झोपडपट्टीत होते, ठेवीदारांना बुडवणाऱ्या संचालकांच्या बंगल्यांवर होत नाही. म्हणून पोलिसांची आकडेवारी वाचताना गुन्हे कुठे घडतात याबरोबरच पोलीस कुठे पाहतात हेही विचारले पाहिजे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. बंदोबस्त, मिरवणुका, निवडणुका, व्हीआयपी दौरे यांतून तपासी अंमलदाराला उसंतच मिळत नाही. वरून गुन्हा उघडकीस आणण्याचा दबाव असतो. अशा वेळी तो ओळखीच्या यादीकडे वळला, तर दोष एकट्या त्याचा कसा? तो एकट्याचा नाहीच. म्हणूनच 2006 च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांसाठी वेगळे मनुष्यबळ ठेवण्याचा निर्देश दिला होता. तो मनापासून अमलात आणणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती कृत्याच्या पुराव्याकडे नेणारी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. पण प्रयोगशाळा, माणसे आणि निधी यांशिवाय ती कागदावरच राहील. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे त्यांनीच तुरुंग भरलेले असतील, तर आपली व्यवस्था अटकेवर जास्त आणि तपासावर कमी विसंबते, असेच म्हणावे लागेल.

म्हणून या परिषदेपुढे मी चार मागण्या ठेवतो. गुन्हेगारीशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात 1871 आणि 1872 चे कायदे शेजारी ठेवून शिकवावेत, म्हणजे कृत्य आणि जन्म यांतला भेद विद्यार्थ्याच्या मनात सुरुवातीलाच पक्का होईल. पोलीस प्रशिक्षण केंद्रांत नाशिकच्या प्रकरणातील 2019 चा निकाल संपूर्ण वाचून घ्यावा. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या नोंदवह्या तपासून, सिद्ध गुन्ह्याऐवजी जमातीच्या किंवा वस्तीच्या नावावर आलेली माणसे त्यातून काढावीत. आणि आरोपींच्या मुक्ततेच्या प्रत्येक गंभीर प्रकरणात तपास कुठे चुकला याचे परीक्षण व्हावे, त्यातून शिकलेले पुढच्या तुकडीला शिकवले जावे. यातली एकही मागणी पोलिसांच्या विरोधात नाही. चांगला तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचे काम या सर्वांनी सोपे होणार आहे आणि त्याचे नाव उजळ होणार आहे.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी पोलीस ठाण्याचा प्रभारी होईल, कोणी सरकारी वकील, कोणी न्यायाधीश. तुमच्यासमोर एखादा माणूस संशयित म्हणून उभा केला जाईल, तेव्हा तो कोण आहे हे ऐकण्याआधी त्याने काय केले आणि त्याचा पुरावा काय, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. फिर्यादीला न्याय मिळण्याचा मार्ग त्याच प्रश्नातून जातो.