लोकमत आणि गिलोटिन

निवडणूक दोन महिन्यांवर आलेली. बहुसंख्य लोकांना देहदंड हवा आहे, हे उमेदवाराला पक्कं ठाऊक. अशा वेळी कुठलाही धूर्त पुढारी तो विषय टाळेल. पण मार्च 1981मध्ये फ्रान्सवा मित्तराँ यांनी फ्रान्सच्या टीव्हीवर उघड सांगितलं, की आपला देहदंडाला विरोध आहे आणि बहुमत उलट बाजूला आहे हेही आपल्याला माहीत आहे. मे महिन्यात ते राष्ट्राध्यक्ष झाले. आता त्यांना मतं त्या बोलण्यामुळे मिळाली असं नाही. तसा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळलेला बरा.

कायदामंत्री झाले रोबेर बादँतेर. वकील असताना त्यांचा एक अशील गिलोटिन या शिरच्छेदाच्या यंत्राखाली गेला होता, आणि तोही स्वतः न केलेल्या खुनासाठी! खून त्याच्या साथीदाराने केला होता. 18 सप्टेंबरला राष्ट्रीय सभेने 363 विरुद्ध 117 मतांनी देहदंड रद्द करण्याचं विधेयक मंजूर केलं. विरोधी बाकांवरच्या जाक शिराक यांनीही विधेयकाच्या बाजूने मत दिलं. त्याच सुमारास झालेल्या जनमत चाचणीत मात्र 62 टक्के लोक देहदंडाच्या बाजूने होते.

पुढे 2007मध्ये ही बंदी थेट राज्यघटनेत गेली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष शिराकच होते. काळाबरोबर लोकमतही निवळलं असेल, असं वाटतं ना? 2020च्या एका पाहणीत 55 टक्के फ्रेंच नागरिकांनी देहदंड परत आणा, असंच सांगितलं.