जुनी तबकडी, नवा संगणक



परवां माझ्या परिचयाचे एक गृहस्थ एक तबकडी घेऊन घरीं आले. त्यांच्या मातोश्रींनीं १९९७ सालीं आपल्या आठवणी संगणकावर लिहून ठेविल्या होत्या. मातोश्री आतां हयात नाहींत. लेखनाच्या फाइली मुलानें एका संगणकावरून दुसऱ्यावर जपून आणिल्या, आणि ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्यें तें लेखन झालें त्याची मूळ तबकडीही सांभाळली. परंतु नव्या संगणकाला ती दिली, तेव्हां "हा प्रोग्रॅम येथें चालूं शकत नाहीं" एवढेंच उत्तर मिळालें. "तबकडी खराब झाली काय?" असें त्यांनीं काळजीनें विचारलें. तबकडी उत्तम होती. असा प्रसंग पुष्कळ घरीं येतो. म्हणून त्याचा उलगडा आज करावा म्हणतों.

संगणकाचें यंत्र आणि आपलीं सॉफ्टवेअरें यांच्यामध्यें ऑपरेटिंग सिस्टिम हा एक कारभारी असतो. फाइल उघडणें, पडद्यावर अक्षर उमटविणें, कागद छापणें, हीं कामें त्याच्या हातून होतात. कारभारी बदलला, कीं जुन्या रीतीनें केलेल्या मागण्या तो मान्य करीलच असें नाहीं.

१९९२ च्या विंडोज ३.१ साठीं लिहिलेलीं सॉफ्टवेअरें बहुधा १६ बिटी असत. १९९५ पासून ३२ बिटी सॉफ्टवेअरांचा प्रसार झाला. तरी त्यांपैकीं कित्येकांचा सेटअप, म्हणजे तें सॉफ्टवेअर संगणकावर बसवून देणारा छोटा प्रोग्रॅम, १६ बिटीच राहिला. कोणी तो जुन्या विंडोजवर चालविला, तर निदान "येथें हें बसणार नाहीं" असें सांगतां यावें, हा त्यांतील एक हेतु. आजचें ६४ बिटी विंडोज ३२ बिटी प्रोग्रॅम चालवितें, १६ बिटी चालवीत नाहीं. कांहीं ठराविक जुने सेटअप ओळखून त्यांच्या जागीं ३२ बिटी सेटअप योजण्याची सोय त्यांत आहे. पण ती सर्वांना लागू पडत नाहीं. २०२१ चें विंडोज ११ तर ६४ बिटीच आहे. पाहुणा घरांत राहण्याजोगा असतो. अडतो तो उंबऱ्यावर.

मग करावें काय? प्रथम सेटअपच्या फाइलवर माउसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मधील 'कम्पॅटिबिलिटी' हें पान उघडावें. तेथें जुन्या विंडोजचें नांव निवडलें, कीं नवा कारभारी त्या प्रोग्रॅमपुरता आपण जुनेच असल्याचें भासवितो. शिवाय जुनीं सॉफ्टवेअरें संगणकाच्या राखीव भागांतही खुशाल लिहूं पाहतात. २००७ च्या विस्टापासून त्यास वेगळी परवानगी लागते. तबकडी विश्वासाची असेल, तर 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालविण्याची मुभा तिला द्यावी. सेटअप १६ बिटी असेल, तर मात्र हे उपाय लंगडे पडतात.

तेव्हां संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक कल्पावा लागतो. यालाच 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात. परवान्याची मूळ प्रत जवळ असेल, तर या कल्पित संगणकावर विंडोज ९८ किंवा ३२ बिटी एक्सपी बसवावें, आणि त्यांत जुनें सॉफ्टवेअर बसवावें. एक्सपीची देखभाल २०१४ मध्यें बंद झाली आहे; म्हणून तें इंटरनेटला जोडूं नये. सॉफ्टवेअर डॉसच्या काळचें असेल, तर डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम उपयोगी पडतो.

आमच्या गृहस्थांकडे एक्सपीची तबकडी निघाली. सायंकाळपर्यंत सॉफ्टवेअर बसलें, आणि मातोश्रींचीं पानें पडद्यावर आलीं. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. नंतर म्हणाले, "झालें एकदांचें!" मला मात्र त्यांस सांगावें लागलें, कीं खरें काम अजून राहिलें आहे.

देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या युनिकोडमध्येंच स्थान मिळालें होतें. परंतु नित्य व्यवहारांत तें येण्यास कित्येक वर्षें लागलीं. तोंवरच्या बहुतेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे आकार बसविलेले असत. तो फॉन्ट नसेल तेथें लेखनाच्या जागीं निरर्थक रोमन अक्षरें दिसतात. असा मजकूर युनिकोडमध्यें आणणारे प्रोग्रॅम आहेत. पण त्यांवर डोळे मिटून विसंबूं नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं नोंदलेली असे, युनिकोडमध्यें ती व्यंजनानंतर येते. रफाराचीही जागा बदलते. जोडाक्षरांत तर हमखास चुका राहतात.

म्हणून प्रथम मूळ पानांची जशीच्या तशी पीडीएफ प्रत काढावी, मग युनिकोड प्रत करून दोन्ही ताडून पाहाव्या. हें वाचन त्या माणसाची भाषा कानांत असलेल्यानेंच करावें. आमच्या गृहस्थांच्या घरीं तें काम त्यांच्या भगिनींनीं पत्करिलें आहे. आईचे खास घरगुती शब्द संगणक चुकवील, पण ताईच्या नजरेंतून सुटणार नाहींत.

जुनें सॉफ्टवेअर आज चाललें, म्हणून उद्यांही चालेल अशी शाश्वती नाहीं. आपल्याही कपाटांत अशी एखादी तबकडी असेल. तिचें दार एकदां उघडलें, कीं आंतील लेखन लगेच बाहेर काढून घ्यावें, आणि तें वाचणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच तपासून ठेवावें.