इंग्रजी ग्रंथांतील आपली गावे
(प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यान)



तारापूरच्या किल्ल्याविषयी मुलांनी काही विचारले असता ज्या पुस्तकाचा आधार घेतला जातो, त्याचे मूळ पुष्कळदा इंग्रजीत असते. जेम्स कँबेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्यासंबंधीचे खंड १८८२ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी चौदाव्या खंडात स्थळवर्णने आहेत. त्यात पालघर तालुका शोधणाऱ्याची निराशा होते, कारण त्या काळी तालुक्याचे नाव माहीम असे होते. माहीम शोधावे तर मुंबईतही एक माहीम आहेच! वसईचे तर पोर्तुगीजांच्या उच्चारावरून इंग्रजांनी 'बसीन' करून टाकले. तेव्हा असा ग्रंथ वाचताना प्रथम नावांची ओळख पटवून घ्यावी लागते.

या खंडांतील सारी विद्या साहेबांची होती, असे मात्र समजू नये. जुन्या अवशेषांच्या शोधात पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा वाटा फार मोठा आहे. सोपाऱ्यास एक उंच टेकाड होते. गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडितजींनी ते खणविले, तेव्हा तो विटांचा बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी करंडा, त्यात बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती, आणि मध्ये एकात एक ठेवलेल्या तांब्याच्या, रुप्याच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या व सोन्याच्या डब्या. सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत सोन्याची फुले आणि मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते! कोट नव्हता, राजाही नव्हता. तरी गावाच्या दंतकथेने ती जागा कित्येक शतके वेगळी मानली होती. दंतकथा खोटी ठरली म्हणून ती वहीतून खोडून टाकणे योग्य नव्हे. ती कोणत्या टेकाडाविषयी सांगितली जाई, हेही इतिहासाचेच साधन होय.

तारापूरच्या बाबतीत उलट प्रकार आहे. पोर्तुगीजांचा हा किल्ला मराठ्यांनी चिमाजी आप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये घेतला व त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. ही हकीकत मराठी कागदपत्रांत आहे. गो. स. सरदेसाई यांनी पुढे पेशवे दप्तरातील निवडक पत्रे ४५ भागांत छापून काढली. त्यांतील एका भागात वसईच्या मोहिमेचीच पत्रे आहेत. कँबेल यांच्यापुढे हा छापील साठा नव्हता. महिकावतीची बखरही राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. त्यातील बिंब राजाची व त्याच्याबरोबर आलेल्या कुळांची कथा केळवे-माहीमच्या बाजूस अद्याप ऐकू येते.

म्हणून इंग्रजी वाक्याचे मराठी करून फळ्यावर लिहिण्यापूर्वी त्या गावचे नाव, तेथील वृद्धांनी सांगितलेली हकीकत आणि छापील मराठी कागद ही तिन्ही शेजारी ठेवून पाहावीत. मांगेली, वाडवळ, वारली यांच्या बोलीतील जागांची नावे जशी ऐकली तशीच उतरून घ्यावीत. नकाशावर ती बहुधा सापडत नाहीत.