परराज्यातील दंतमहाविद्यालयांची निवड

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात करमाड येथे केलेले भाषण)



दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी मुलांस परराज्यात कोठे धाडावे, या विषयावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही काही दंतवैद्य नाही, साधे शाळामास्तर. परंतु या बाबतीत एकदा चुकलो आहोत, आणि तेवढाच आमचा अधिकार.

शिक्षणासाठी दूर जाणे मराठवाड्यास नवे नाही. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो, आणि उच्च शिक्षण म्हणजे उस्मानिया विद्यापीठ असे समीकरणच होते. आपल्या करमाडच्या स्टेशनावरून जाणारा लोहमार्गही तिकडचाच. छत्रपती संभाजीनगरास सरकारी दंतमहाविद्यालय निघाले ते १९८२ साली. तेथे जागा मिळाली तर परराज्याचे नावही काढू नये. ती हुकल्यावरच पुढचा विचार.

आमच्या पुतण्याच्या कन्येची अशीच हुकली. ‘नीट’ परीक्षेत गुण बेताचे पडले. दूरच्या एका खासगी महाविद्यालयाचे सचित्र माहितीपत्रक आम्हीच पसंत केले. इमारत भव्य, वसतिगृह स्वच्छ. पहिली दोन वर्षे सुखात गेली. तिसऱ्या वर्षी रुग्ण तपासण्याची वेळ आली, तेव्हा ध्यानात आले की खुर्च्या पुष्कळ आणि रुग्ण मोजके. दात काढणे, भरणे, कवळी बसविणे ही कामे ठरावीक संख्येने विद्यार्थ्याच्या नावे नोंदली जावी लागतात. म्हणून मुली पदरचे बसभाडे देऊन खेड्यांतून म्हातारी माणसे आणीत. त्यातून त्या मुलुखाची भाषा येईना. ‘कोठे दुखते?’ एवढे विचारावयासही मैत्रीण मध्ये घ्यावी लागे. सुटीत घरी आली की पोर आमच्याच दाढा मोजीत बसे! पदवी मिळाली, पण हात बसावा म्हणून पुढे वर्षभर ती जालन्यास एका दंतवैद्याकडे बिनपगारी उभी राहिली.

तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न एकच : बाह्यरुग्ण विभागात सकाळी किती माणसे येतात? हे माहितीपत्रकात सापडत नाही. सोमवारी सकाळी स्वतः जाऊन तेथील बाकावर दोन तास बसावे, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांस गाठून विचारावे. दुसरा प्रश्न भाषेचा. हैदराबादेस १९५९ पासून सरकारी दंतमहाविद्यालय आहे. तेथे आपल्या मुलांची हिंदी रुग्णास कळते. बेळगावास तर मराठी रुग्णच भेटतो.

आता कागदपत्रांविषयी, येथे आपल्या समाजाची फार फसगत होते. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यांत २०२१-२२ पासून इतर मागासवर्गीयांस २७ टक्के आरक्षण आहे खरे, पण जात केंद्राच्या यादीत असली पाहिजे. आपल्या राज्यातील विमुक्त जाती, भटक्या जमाती वा विशेष मागास प्रवर्ग ही नावे तेथे चालत नाहीत. नॉन-क्रिमिलेअरचा दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो. परराज्याच्या स्वतःच्या कोट्यात तर इकडच्या दाखल्याचा उपयोग नाही, आणि अभिमत विद्यापीठांत असे आरक्षण साधारणतः नसते. शुल्काच्या सवलतीचेही तसेच; राज्याची योजना परराज्यात लागू पडेल असे गृहीत धरून कोणी शेत गहाण टाकू नये, आधी समाजकल्याण कार्यालयात विचारावे.

अभिमत विद्यापीठांसाठी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत अलीकडे २ लाख रुपये अनामत ठेवावी लागते. पहिल्या फेरीतील जागा नाकारली तर ती बुडत नाही. नंतरच्या फेऱ्यांत बुडू शकते. म्हणून पसंतीक्रमात जेथे खरोखर जावयाचे नाही असे नाव ‘असू द्या’ म्हणून लिहू नये. दलालाविषयी आम्ही बोलत नाही. ज्याला तो भेटला आहे त्याला ठाऊक आहे.

यंदा त्या मुलीच्या धाकट्या भावाचे अर्ज भरावयाचे आहेत. यादी तीच करते आहे. अठरा नावे होती, ती तिने पाचांवर आणली. त्यांतली दोन ठिकाणे पाहावयास आम्ही तिच्याबरोबर निघणार आहोत. ज्या पालकांस बरोबर यावयाचे असेल त्यांनी सभा संपताच आम्हांस भेटावे; तिकिटे अजून काढलेली नाहीत.