न्हाणीघरातला बोलका आरसा

कासा-चारोटीकडच्या पावसाळ्यात दाढी करताना आरशावरच आजची तारीख, तापमान, पावसाचा अंदाज दिसला तर? असा आरसा घरी जमतो.

नेहमीचा आरसा इथे चालत नाही. पाठीमागून उजेड आरपार येईल असा अर्धपारदर्शक आरसा लागतो. दुकानातच मागून मोबाईलची बॅटरी लावून बघा, प्रकाश पुढे आला पाहिजे. त्यामागे जुना मॉनिटर बसवायचा आणि उरलेल्या भागाला काळा कागद चिकटवायचा. पडद्यावर काळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं. काळं असेल तिथे आपला चेहरा, पांढरं असेल तिथे मजकूर! चालवायला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि मॅजिकमिरर हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

खरी गोम आहे ती वाफेची. चौकट भिंतीला घट्ट चिकटवाल तर आत दमट हवा कोंडेल. चौकट नळापासूनही लांब हवी. २३० व्होल्टचा प्लग आणि अडॅप्टर न्हाणीघराबाहेर, आत फक्त कमी दाबाची वायर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच. विजेचं हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आणि आपल्याकडे वीज जाते ती न सांगता! अचानक बंद पडल्यावर या संगणकाचं मेमरी कार्ड बिघडू शकतं, म्हणून त्याची एक नक्कल कपाटात असू द्या.