एक मशीन, दोन मालक: नॅनोकर्नलची गोष्ट

ड्युअल बूटच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "दादा, रीस्टार्ट न करता दोन ऑपरेटिंग सिस्टिम एकदम नाही का चालत?" चालतात. पण आधी अडचण कुठे येते ते बघू.

प्रत्येक सिस्टिम असंच धरून चालते की मशीन आपल्या एकटीचं आहे. बटण दाबलं, नेटवर्कवरून डेटा आला, टायमर वाजला, की हार्डवेअर प्रोसेसरला हाक मारतं. या हाकेला म्हणतात इंटरप्ट. काही नाजूक काम चालू असेल तर सिस्टिम थोडा वेळ इंटरप्ट बंदच करून टाकते. आता एका घरात असे दोन मालक आले तर? एकाने दाराला कडी घातली की दुसऱ्याचे पाहुणेही बाहेरच!

२००१ मध्ये करीम याघमूर यांनी यावर 'अडिओस' नावाचा आराखडा मांडला आणि २००२ मध्ये फिलिप जेरम यांनी तो लिनक्सवर प्रत्यक्षात आणला. हा नॅनोकर्नल. नॅनो अशासाठी, की यात फाइल सिस्टिम वगैरे काही नाही. मुख्य काम एकच, आलेले इंटरप्ट वाटून देणं.

सगळ्या सिस्टिम रांगेत उभ्या असतात. इंटरप्ट आधी पुढच्याला मिळतो. तो हाताळायचा, मागे पाठवायचा की तिथेच संपवायचा, हे तो ठरवतो. आणि खरी गंमत पुढे आहे. लिनक्स "इंटरप्ट बंद" म्हणाली, तरी हार्डवेअरची कडी लागतच नाही! लिनक्सच्या वाट्याचे इंटरप्ट फक्त नोंदवून ठेवले जातात आणि नंतर दिले जातात. रांगेत पुढे असलेल्याला मात्र त्याचा इंटरप्ट लगेच मिळतो.

याने काय साधलं? माझ्या फोनवर व्हिडिओ क्षणभर अडकला तर मी नुसता वैतागतो. कारखान्यातला रोबोटचा हात तेवढाच उशिरा थांबला तर माणूस जखमी होऊ शकतो. म्हणून पुढे रिअल-टाइम सिस्टिम आणि मागे लिनक्स, अशी जोडी लागते. आरटीएआय आणि झेनोमाय या प्रकल्पांनी अडिओस वापरलं ते याचसाठी.

यात पेटंटचाही एक पेच होता. आरटीलिनक्सच्या अशाच तंत्रावर व्हिक्टर योडाइकेन यांना १९९९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं होतं, त्यामुळे ते तंत्र वापरणारे बिचकत होते. याघमूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या, म्हणजे पेटंटच्या आधीच छापून आलेल्या संशोधनावर आपला आराखडा उभा केला. जुने पेपर नीट वाचण्याचा असाही फायदा असतो बरं का!

पण मर्यादाही सांगतो. इथे रिअल-टाइमचा कोड लिनक्स कर्नलच्याच मेमरीत चालला, तर त्यातली एक चूक सगळं मशीन झोपवू शकते. तेव्हा मित्रा, तुला विंडोज आणि लिनक्स एकदम हवं असेल, तर व्हर्च्युअल मशीनच बरं. ते कसं लावायचं, ते पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, प्रश्न पाठवत राहा!